ब्रेक दाबताना पुढचं चाक थरथरतं

प्रश्न : ट्रॅकवर मोटरसायकलचा वळणाआधी जोरात ब्रेक लावला की पुढचं चाक थडथडतं. ब्रेकची डिस्क बदलली, फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दोन नळ्या) ऑइलही नवं घातलं. फरक शून्य. आता काय?

उत्तर : आधी एक सांगा, थरथर ब्रेकच्या लिव्हरमध्येही जाणवते का? लिव्हर बोटांखाली धडधडत असेल, तर डिस्क नवी असली तरी ती हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सरळ बसली आहे का ते पाहा. लिव्हर शांत असेल, तर दोष फोर्ककडे.

पुढचं चाक उचला, फोर्कचे खालचे पाय धरून मागेपुढे हलवा. किंचित 'टक' आली तरी स्टिअरिंगचं बेअरिंग सैल आहे. ते आधी नीट करा, तोवर सेटिंगला हात लावू नका.

मग एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा. माझ्या गाडीचा दोष इथेच सापडला, आणि तोवर मी 2 वेळा ऑइल बदललं होतं. एक्सल कसून झाल्यावर पिंच बोल्ट (फोर्कच्या पायाशी एक्सल आवळणारे) सैल ठेवा, ब्रेक धरून फोर्क 5-6 वेळा जोरात दाबा, मगच ते बोल्ट कसा. नाहीतर दोन्ही पाय समांतर राहत नाहीत आणि फोर्क अडकत सरकतो.

शेवटी फोर्कच्या नळीला झिप टाय बांधून फेऱ्या मारा. टाय पार तळाला गेली, तर फोर्क बसतोय. स्प्रिंग मऊ आहे. तळाला गेली नाही, तर रिबाउंड (दाबलेला फोर्क परत वर येताना त्याला रोखणारं सेटिंग) जास्त असण्याची शंका घ्या : खड्ड्याखड्ड्यावर फोर्क वर यायला वेळच मिळत नाही. रिबाउंडच्या स्क्रूचा एकेक क्लिक कमी करा, दरवेळी वहीत लिहा. टायरचं प्रेशर मात्र तेच ठेवा.