साठपैकी बावन्न, तरी 'ब' श्रेणी?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमात. सामाजिक शास्त्रांच्या सत्र परीक्षेत तिला ६०पैकी ५२ पडले, पण प्रगतिपत्रकावर 'ब-१'. विचारलं तर सर म्हणाले, आकारिकमध्ये, म्हणजे सत्रभराच्या कामात, ४०पैकी २१च आहेत. प्रकल्पाला १०पैकी ३! 'इतिहासाची साधने' हा विषय होता. किल्ल्यांची, तलवारींची चित्रं आणि चमकीचा कागद मिळून पावणेदोनशे रुपये गेले, मी स्वतः रात्री दीडपर्यंत चिकटवत बसले. शेजारच्या मुलाने पेन्सिलीने दोन पानं खरडली, त्याला ९. चाळीस गुण शिक्षकांच्या मर्जीवर सोडायचे, हा कुठला न्याय?
— एक आई, कराड तालुका

उत्तर : ताई, रागावू नका, पण ते ३ गुण तुम्हाला पडलेत. मुलीचा प्रकल्प सरांनी अजून पाहिलेलाच नाही.

आधी हिशेब. ५२ आणि २१ मिळून ७३. ७१ ते ८० म्हणजे 'ब-१', 'अ-२' सुरू होते ८१ला. आठ गुणांनी गेली. आणि हे चाळीस-साठ तुमच्या शाळेने काढलेलं खूळ नव्हे. शिक्षण हक्क कायदा आला, त्यापाठोपाठ २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सातवी-आठवीला आकारिक ४०, संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा ६०. पहिली-दुसरीला तर आकारिकच ७०. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, रोजचं निरीक्षण अशी साधनं ठरलेली आहेत, आणि त्यांच्या नोंदी शिक्षकाने ठेवायच्या असतात. त्या बघायला मागा. नोंदी असतील तर मर्जीचा प्रश्न मिटला. नसतील तर तुमची तक्रार रास्त आहे, आणि मी तुमच्या बाजूने.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. पद्धत नवी होती तेव्हा एका मुलीच्या प्रकल्पवहीला मी दहापैकी दहा दिले होते. काय ते मोत्यासारखं अक्षर! पुढे पालकसभेत तिच्या वडिलांनी हजेरीपटावर नाव लिहिलं आणि मी बघतच राहिले. तोच गाठ मारलेला 'श'. त्या वर्षापासून प्रकल्प घरी देणं बंद. दोन तासिका सलग घ्यायच्या, वर्गात बसवायचं, वह्या तिथंच ठेवून घ्यायच्या.

हाच धडा मीही शिकवलाय. भौतिक, लिखित, मौखिक साधनं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घराजवळ मारुतीच्या देवळामागे एक दगड होता. बायका त्याला तेल-शेंदूर लावायच्या, पोरं त्यावर बसून चिंचा खायची. त्याने तो पेन्सिलीने काढून आणला, वेडावाकडा. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या बायका, वर शिवलिंगाची पूजा, अगदी टोकाला चंद्र आणि सूर्य. 'बाई, रात्र आणि दिवस एकदम कसे?' हा त्याचा प्रश्न खाली लिहिलेला. वीरगळ होती ती, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर या वीराची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ, हे मग सगळ्या वर्गालाच सांगितलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. ९ दिले. आज वाटतं, दहाच द्यायला हवे होते.

शेजारच्या मुलाने काय खरडलं ते मला माहीत नाही. पण एकदा ती दोन पानं मागून वाचा. कदाचित आजीकडून जात्यावरची ओवी उतरवून घेतली असेल, कदाचित गावच्या बारवेच्या पायऱ्या मोजल्या असतील. दुकानातल्या तलवारीच्या चित्रात तुमच्या मुलीचं काय आहे, सांगा बरं?

चूक सरांचीही असू शकते. १० गुण कशाकशाचे, हे त्यांनी आधी सांगितलं होतं का? 'स्वतः पाहिलेली किंवा ऐकलेली दोन साधनं, प्रत्येकाबद्दल पाच ओळी, एक प्रश्न' एवढं फळ्यावर लिहिलं असतं तर तुमचे पावणेदोनशे रुपये वाचले असते. 'छान प्रकल्प करा' म्हणून मोकळं होणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत. चमकीच्या कागदाचा धंदा त्यांच्यावरच चालतो.

जाताना मुलीची उत्तरपत्रिकाही बघून या. साठातले आठ गुण कुठे गेले? माझा अंदाज, 'का' विचारलेल्या प्रश्नांत. पाठांतर चांगलं असलेली मुलं तिथं हमखास घसरतात. शिवाजी महाराजांनी प्रधानांना जहागिरी न देता रोख पगार का दिला, असं विचारलं की मोरो त्रिंबक पिंगळ्यांपासून मोरेश्वर पंडितरावांपर्यंत आठही नावं खात्यांसकट लिहून मोकळी. नावं बिनचूक, पण प्रश्न तसाच उभा. जहागीर मिळाली की माणूस आपल्या मुलखापुरता राजा होऊन बसतो, एवढं एक वाक्य आलं असतं तरी मी गुण दिले असते.

पुढच्या वर्षी आठवी. २०२३-२४पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुनर्परीक्षा. तुमच्या मुलीला त्याची भीती नाही. पण सरांना भेटाल तेव्हा 'गुण कमी का दिले' असं नका विचारू. 'तुम्हाला काय हवं होतं' असं विचारा. आणि तिला बरोबर न्या, बोलू दे तिला.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी शिक्षक झालो. सातवीच्या वर्गात ४६ मुलं. तोंडी कामाचे गुण देताना बोलकी मुलं पुढे जातात, अबोल मुलं मागे राहतात. काय करावं?
— एक शिक्षक, शिरोळ तालुका

उत्तर : सर, तोंडी म्हणजे भाषण नव्हे. माझ्या वर्गात एक मुलगा सहा महिन्यांत 'हजर'पलीकडे बोलला नव्हता. त्याला नकाशापाशी नेलं, हातात पट्टी दिली आणि म्हटलं, कृष्णा दाखव. पट्टी महाबळेश्वरहून निघाली, वाईवरून उतरली, कराडला कोयनेपाशी जरा थांबली, सांगलीवरून खाली आली आणि नरसोबाच्या वाडीला टेकली. तिथं तो बोलला, 'बाई, इथं पंचगंगा येते. माझ्या मामाचं घर आहे.' मी पाचपैकी पाच लिहिले. वर्गातली बोलकी मुलं कुरकुरली, कुरकुरू दिली.