एलिट डेंजरस या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये दोन जहाजांच्या शील्डची (संरक्षक कवचाची) तुलना कशी करायची? ज्याचे मेगाज्यूल (शील्डची ताकद मोजायचं एकक) जास्त तेच भारी का?

नुसत्या आकड्यावर जाऊ नका. खरी ताकद समोरच्याच्या हत्यारावर ठरते. इंजिनीअरिंग (गेममधली खास सुधारणा) न केलेल्या साध्या शील्डचा रेझिस्टन्स, म्हणजे मार कमी करायची क्षमता, लेझरला उणे 20 टक्के (म्हणजे मार उलट 20 टक्के जास्त बसतो), गोळ्यांना 40 (मार 40 टक्के कमी). म्हणजे 300 मेगाज्यूलचं शील्ड लेझरपुढे 250 चंच (300 भागिले 1.2), गोळ्या झाडणाऱ्या मल्टिकॅननपुढे मात्र 500 (300 भागिले 0.6). इथे सोलापुरात सात रस्त्याला आमची पोरं अजून कच्चा आकडा दाखवूनच भांडतात, त्यांना कोण सांगणार! शील्डच्या प्रकारांत बाय-वीव्हचा आकडा लहान, पण ते पटापट भरतं. मारून पळणाऱ्याला तेच बरं. प्रिझमॅटिक हा दुसरा प्रकार दांडगं, पण वजनदार आणि भरायला लई वेळ. आणि हो, तुलना करताना दोन्हीकडे सिस्टिमला (शील्डला वीज देणाऱ्या भागाला) सारखेच पिप्स, म्हणजे विजेचे वाटे, धरा.