रिकाम्या कणांचा गट

प्रिय मुली,

तुझे आकडे पाहिले. चार गट, प्रत्येकी सहा उंदीर, पंजात सूज आणणारं कॅराजिनन. हळदीतलं कर्क्युमिन भरलेल्या पीएलजीए या विरघळणाऱ्या पॉलिमरच्या सूक्ष्म कणांनी सूज उतरवली आणि औषध न भरलेल्या रिकाम्या कणांनीही जवळजवळ तेवढीच. गाइड म्हणतात, रिकाम्यांचा गट प्रबंधातून काढ, परीक्षक अडकवतील. तू विचारतेस, काढू का?

नाही. अजिबात नाही. सगळ्या प्रयोगात तो एकच गट तुला काही नवं सांगतोय आणि तोच तू पुसायला निघालीस!

अगं, रक्तातल्या पेशींना आत काय भरलंय ते कळत नाही. त्यांना कण कळतो, त्याचा आकार, त्याच्यावरचा विद्युतभार. शिरेतून सोडलेले बहुतेक कण यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षकपेशी गिळतात. सुजेच्या जागी केशवाहिन्या गळक्या होतात, तिथून काही कण आत शिरतात, हे खरं. पण ही ओळ आपण सगळेच प्रस्तावनेत फार सैल हाताने लिहितो. 2016 साली टोराँटोच्या गटाने दहा वर्षांचे शोधनिबंध चाळले, तेव्हा कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचणाऱ्या कणांच्या मात्रेचा मध्यक निघाला 0.7 टक्के. ते गाठींचं, सुजेचं नव्हे, मान्य. तरी उरलेले कण कुठेतरी काहीतरी करतच असतात ना?

2006 साली माझ्या प्रयोगशाळेत हेच झालं. औषध होतं इंडोमेथासिन, सूज उतरवणारं. रिकाम्या कणांनीही पंजा उतरला. मी म्हणालो, सुई चुकली असेल, पंजाची सूज मोजणाऱ्या प्लेथिस्मोमीटरचा पारा घाण असेल. गट गाळला, निबंध छापून आला. मग 2014 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या लोकांचं काम वाचलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. सुमारे 500 नॅनोमीटरचे ऋणभारित कण, आत औषध काहीच नाही. दाहक मोनोसाइट, म्हणजे दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी, ते पकडतात, सुजेकडे जायचं सोडून प्लीहेत जातात आणि तिथे मरतात. उंदरांमध्ये हृदयविकारापासून आतड्याच्या दाहापर्यंत फरक पडला होता. मला ते सापडलं असतं असं मी म्हणत नाही. पेशी ओळखून मोजणारा फ्लो सायटोमीटर नव्हता, फेलोशिपचे चार महिने उरले होते, नव्या उंदरांसाठी एथिक्स कमिटीपुढे पुन्हा उभं राहायचं होतं. कुणीही तेच केलं असतं. केलं असतं ना? पण आकडे वहीत होते आणि मी ते नसल्यासारखे केले.

म्हणून तुझंही कारण तेच, असं लिहून मोकळी होऊ नकोस. कॅराजिननच्या पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी पुढे असतात, मोनोसाइट मागून येतात. आधी साध्या शंका संपव. रिकामा कण म्हणजे तोच कण, फक्त औषधाविना: तेच पॉलिमर, कण बनवताना वापरलेलं तेवढंच पीव्हीए, तेवढ्याच वेळा धुतलेला. दोन्हींचा आकार आणि झेटा, म्हणजे पृष्ठभागाच्या भाराचं माप, शेजारी शेजारी मांड. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, राहिलंय का तपास. शेवटच्या धुण्याचं पाणी फेकू नकोस, त्याचाही गट लागेल.

आणि उलटंही होतं. 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ऑनपॅट्रो या आनुवंशिक मज्जातंतूविकारावरच्या औषधाचं उदाहरण घे. लिपिडच्या नॅनोकणांतून शिरेत देतात, पण त्याआधी दर खेपेला रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यावं लागतं, जोडीला पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीची औषधं. आपण कणांनी दाह शमवायला निघालोय, आणि इथे कण सोसवावा म्हणून आधी स्टेरॉइड! कण कधीच नुसती हातगाडी नसतो. किती वेळा सांगू, रिकाम्यांचा गट ठेव.

गाइडवर चिडू नकोस. हे पत्र त्यांना दाखवलंस तरी चालेल. 2006 मध्ये त्या उंदरांना सुई देणारा मुलगा म्हणजे तेच. तो गट ठेवायचा म्हणून माझ्याशी दोन दिवस भांडला होता.

तुझा,
सर