एजंट जुनीच नोंद उचलतो: मेमरी लिंक करण्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की एजंटच्या (स्वतःहून कामं करणाऱ्या एआय मॉडेलच्या) मेमरीत काही हजार नोंदी आहेत, प्रत्येक नवी नोंद तिच्या सगळ्यात जवळच्या पाच नोंदींना आपोआप लिंक होते, आणि तरीही एजंट बदललेली माहिती सोडून जुनीच पुढे करतो. हे दुखणं माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. एम्बेडिंग (मजकुराचं आकड्यांतलं रूप), व्हेक्टर सर्च (त्या आकड्यांवरून जवळचा मजकूर शोधणं) वगैरे तुम्हाला येतंच आहे असं धरतो.

सगळा घोळ त्या 'आपोआप पाच'मध्ये आहे. कोसाइन साम्यावरून (दोन एम्बेडिंग किती जवळ आहेत त्या मापावरून) लिंक जोडणं म्हणजे जे काम सर्च दर वेळी ताजं करून देतोच, तेच शिळं करून साठवणं. हे बघा:

नोंद 41: 'डेटाबेसला पोर्ट 5432 वर जोडा.'
नोंद 212: 'डेटाबेसला पोर्ट 6432 वर जोडा, मधे आता पीजीबाउन्सर आहे.'
नोंद 213: 'ड्रायव्हरमध्ये प्रीपेअर्ड स्टेटमेंट बंद ठेवा.'

(पीजीबाउन्सर म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसची कनेक्शन वाटून देणारा मधला प्रोग्राम; प्रीपेअर्ड स्टेटमेंट म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली क्वेरी.) 41 आणि 212 शब्दांनी जवळजवळ सारख्याच. लिंक बसते, दोन्ही प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या मजकुरात) जातात, पण कुठली रद्द झाली हे ती लिंक सांगत नाही. मॉडेल हाताला लागेल ती उचलतं. उलट 213 चं कारण 212 मध्येच आहे: ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच मिळतं तेव्हा) पीजीबाउन्सरच्या 1.21 आधीच्या आवृत्त्यांना प्रोटोकॉल पातळीवरची प्रीपेअर्ड स्टेटमेंट झेपत नाहीत. शब्द वेगळे, त्यामुळे ही लिंक होतच नाही. उद्या पीजीबाउन्सर अपग्रेड झाला की 213 पुन्हा तपासायला हवी, हे एजंटला कुठूनही कळणार नाही.

नेमकं हेच एका तयार मेमरी सेवेच्या मदतकक्षाला उदाहरणासकट कळवलं, तर उत्तर एकच: थ्रेशोल्ड (लिंकसाठी लागणारं किमान साम्य) वाढवा. अहो, थ्रेशोल्ड वाढवला की 41-212 हीच जोडी शिल्लक राहते आणि 212-213 आणखी लांब जाते! शिवाय एका एम्बेडिंग मॉडेलवर बसवलेला 0.8 चा आकडा दुसऱ्या मॉडेलवर नेला की त्याला काही अर्थ राहत नाही. या सल्ल्यापायी फुकट गेलेल्या वेळाचा राग अजून गेलेला नाही, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

तर लिंकला प्रकार हवा आणि दिशा हवी. माझ्या मते चार प्रकार पुरतात: 'रद्द करते', 'कारण', 'यावरून बनली' आणि 'विरोधात'. 'संबंधित' हा प्रकार ठेवूच नका. ठेवलात तर मॉडेल सगळं त्यातच टाकतं. लिंकच्या टेबलात कुठून, कुठे, प्रकार, तारीख आणि एका वाक्यात 'का' एवढे कॉलम. पहिल्या तिन्हींवर मिळून प्रायमरी की, म्हणजे तीच लिंक दोनदा पडत नाही. 'कुठे'वर वेगळा इंडेक्स, कारण उलटा शोध सतत लागतो. यासाठी ग्राफ डेटाबेस लागत नाही. कोट्यवधी नोंदी असतील तर वेगळा विचार करा, तुमचं काम एसक्यूलाइटवर (एका फाइलमधल्या छोट्या डेटाबेसवर) आरामात भागेल. फक्त त्यात फॉरेन की तपासणी (लिंकमधली नोंद खरंच आहे ना हे बघणं) मुळात बंद असते आणि ती प्रत्येक कनेक्शनवर चालू करावी लागते. नाही केली तर नोंद पुसली तरी लिंक लोंबकळत राहते.

लिंक नोंद लिहितानाच करा. मॉडेलला दोन प्रकारचे उमेदवार द्या: सर्चने दिलेल्या आठ-दहा नोंदी, आणि त्याच कामात एजंटने वाचलेल्या किंवा लिहिलेल्या बाकीच्या नोंदी. 212-213 सारख्या जोड्या या दुसऱ्या गटातूनच सापडतात, तो गाळू नका. उमेदवारांना 1, 2, 3 असे आकडे द्या आणि खरा आयडी कोडमध्ये जुळवा. लांबलचक आयडी उतरवताना मॉडेल एखादं अक्षर चुकवतं. 'एकही लिंक नाही' हे उत्तर चालेल असं प्रॉम्प्टमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर ते ओढूनताणून जोडतं.

वाचताना: सर्चमधून वरच्या पाच नोंदी घ्या, 'रद्द करते'ची साखळी शेवटच्या नोंदीपर्यंत चढा आणि रद्द झालेला मजकूर प्रॉम्प्टमध्ये टाकूच नका. बाकी प्रकारांच्या लिंक एकच पायरी. दोन पायऱ्या गेलात की टोकन (प्रॉम्प्टची लांबी मोजायचे तुकडे) संपतात आणि भलतंच काहीतरी आत येतं. साखळी चढायच्या रिकर्सिव्ह क्वेरीत (स्वतःचाच निकाल पुन्हा वापरणाऱ्या) खोलीचा कॉलम असेल तर नुसतं युनियन (सारख्या ओळी गाळणारं) चक्र थांबवत नाही, कारण प्रत्येक फेरीला ओळ वेगळी ठरते. म्हणून खोलीला मर्यादा घालाच.

'युझर' नावाची एक नोंद करून सगळं तिला जोडण्याचा मोह होतो. नको. त्या नोंदीवरून एका उडीत सगळी मेमरी प्रॉम्प्टमध्ये येते.

पुसण्याबद्दल: माहिती जुनी झाली तर नोंद पुसू नका, 'रद्द करते' पुरेसं आहे. पण वापरणाऱ्याने स्वतः पुसायला सांगितलं तर खरंच पुसा, आणि त्या नोंदीवरून बनलेले सारांशही. 'यावरून बनली' हा प्रकार मुख्यतः त्यासाठीच आहे. लिंकमधल्या 'का' वाक्यातही तीच माहिती शिरलेली असते, तीही बघा.

आता तुमच्या आधीच्या लिंक. त्या सुधारत बसू नका, सरसकट काढून टाका; सर्च त्या जोड्या हव्या तेव्हा परत देतोच. मग सगळ्यात जास्त साम्य असलेल्या जोड्या तारखेनुसार लावा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: नवी नोंद जुनीला रद्द करते का? मॉडेलकडून करून घेतलंत तरी पहिल्या पन्नासेक जोड्या स्वतः डोळ्यांखालून घाला. 'कारण'च्या लिंक मागे जाऊन भरायच्या भानगडीत पडू नका. कामाचे लॉग ठेवले असतील तरच त्या धड लागतात.