अमूर्त जलरंगचित्रातील रेषा, रंग आणि आकार यांचा आस्वाद कसा घ्यावा?

ठाण्यात कापूरबावडीच्या कलाभवनात अमूर्त जलरंगचित्रे पाहिली, परंतु ‘हे कशाचे चित्र आहे’ या प्रश्नापुढे जाता आले नाही, असे आपण लिहिले आहे. मीही ठाण्याचाच रहिवासी असून त्या दालनात आवर्जून जातो. माझ्या मते तो प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि या कागदावर पाणी कसे वागले आहे, हे पाहावे; कारण जलरंगात रेषा, रंग आणि आकार ही तिन्ही अंगे पाण्यावर आणि ते वाळायला लागणाऱ्या वेळेवर अवलंबून असतात.

सुरुवात रंगाच्या डागाच्या कडेपासून करावी. कोरड्या कागदावर दिलेला पातळ रंग वाळू लागला की कडेचे पाणी लवकर उडते, आतले पाणी रंगाचे कण घेऊन तिकडे सरकते आणि कडेला बारीक, गडद रेघ उमटते. ती कोणी ओढलेली नसते, तरी आकाराला ठामपणा तीच देते. ओल्या कागदावर सोडलेला रंग मात्र पसरत जातो, त्याची कड विरघळते आणि तो आकार मागे सरल्यासारखा भासतो. कोणती कड ठाम राखली आहे आणि कोणती विरू दिली आहे, हे पाहत गेल्यास चित्रकाराने नजर कोठे थांबवली आणि कोठून पुढे नेली, ते उमगू लागते. मला सर्वाधिक आनंद या कडांतच मिळतो.

रंग अगदी जवळून पाहावा. अल्ट्रामरीन निळ्याचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत तयार करतात, तर थॅलो निळा एकसारखा, नितळ बसतो. वाळलेल्या पिवळ्यावर पातळ निळा थर दिला, तर दिसणारा हिरवा खालून उजळल्यासारखा वाटतो. पांढरे म्हणून जे दिसते तो बहुधा कोराच कागद असतो आणि तो आधीपासून राखून ठेवावा लागतो. त्यामुळे मोकळ्या जागेलाही आकार मानूनच पाहावे.

रशियन चित्रकार वासिली कँडिन्स्की यांचे ‘पहिले अमूर्त जलरंगचित्र’ म्हणून ओळखले जाणारे चित्र पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्र या कलासंस्थेच्या संग्रहात आहे. त्यावर 1910 हे साल असले, तरी अनेक अभ्यासक ते 1913 च्या सुमाराचे मानतात. त्यात शाईच्या रेषा रंगाच्या डागांना कुंपण घालत नाहीत. रेषा आपल्या वाटेने धावतात, रंग आपल्या जागी पसरतात आणि त्या दोहोंतील ताणामुळे चित्र हलते राहते.

‘पाणी आपोआपच पसरते, मग त्यात चित्रकाराचे काय?’ ही शंका रास्त आहे. अर्धवट वाळलेल्या थरात जास्त पाणी शिरले की फुलकोबीसारखा डाग उठतो. तो अपघाताने उठला असला, तरी पुढच्या थराने आणि रेषेने त्याला काय प्रतिसाद दिला आहे, यावरून चित्रकाराची जाण कळते. मोबाइलवरच्या छायाचित्रात दाणा आणि कड बहुतेक हरवतात, म्हणून शक्य असेल तर मूळ चित्रापुढेच उभे राहावे.