बसणाऱ्याला विचार

पोरा,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. भाडं त्याच माणसाचं, पैसे आगाऊ, तो पुढे तुझ्या शेजारी. मागे दर खेपेला नव्या दोघी-तिघी, तोंडातून शब्द नाही. आणि शेवटी तू विचारतोस, "आपण फक्त गाडी चालवतो, आपला काय संबंध?" हा 'फक्त' मीही बरीच वर्षं वापरलाय. कोर्टात तो चालत नाही.

मानवी तस्करीच्या व्याख्येतच वाहतूक बसवलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2000 सालच्या तस्करीविरोधी करारात, म्हणजे पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये, भरती करणं, नेणं, आसरा देणं, ताब्यात घेणं सगळं एकाच ओळीत येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 तेच म्हणतं. शोषणासाठी, धमकावून, फसवून किंवा आमिष दाखवून माणसाला नेणाराही तस्करच. शिक्षा कमीत कमी 7 वर्षं. माणसं एकाहून जास्त असली किंवा मूल असलं तर 10 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. "ती राजीखुशीनं बसली होती" म्हणून सुटका नाही, संमती तिथे मोजतच नाहीत.

खरोखर काहीच माहीत नसलेला ड्रायव्हर गुन्हेगार ठरत नाही, मान्य. हेतू सरकारी पक्षालाच सिद्ध करावा लागतो. पण माहीत नसणं वेगळं आणि माहीत करून न घेणं वेगळं. ब्रिटनच्या 2015 च्या कायद्यात तर 'कळायला हवं होतं' एवढंही पुरतं. म्हणून सांगतो, भाडं देणाऱ्याला विचारू नकोस, बसणाऱ्याला विचार.

मी विचारलं नव्हतं. डिझेल भरायला थांबलो होतो. मागच्या मुलीनं काचेचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग हात मांडीवर ठेवून दिला. काचा मी पुढून लॉक केल्या होत्या, त्या माणसानं सांगितलं म्हणून. तिचं ओळखपत्र त्याच्या शर्टाच्या खिशात दिसत होतं. माझा हप्ता थकला होता, रात्रीचे दोन वाजले होते, तो धिप्पाड होता. कारणं सगळी खरी होती, आजही खरीच आहेत. मी साक्ष दिली, पळालो नाही, हेही लक्षात ठेव. पण वकिलानं एकच प्रश्न विचारला, "काचा कोणी लॉक केल्या?" त्यावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. तेव्हापासून गाडी सुरू करण्याआधी मागे वळून विचारतो, कुठे उतरायचंय? उत्तर दुसऱ्यानंच दिलं तर मी निघत नाही. गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

"पुरावा कुठून आणू?" हे मला विचारू नकोस. पुरावा शोधायला तू पोलीस आहेस का? त्या माणसाशी वाद घालायचा नाही, पाठलाग करायचा नाही. गाडीत कोणी असताना शंका आली तर 112 ला फोन.

त्या माणसाचं शुक्रवारचं भाडं घ्यायचं नाही, पण एवढ्यानं हात झटकता येणार नाहीत. आधीच्या फेऱ्याही तुझ्याच आहेत, त्यामुळे उद्या सकाळी वकिलाला गाठ आणि त्याला घेऊन चौकीत जा. आज रात्री वहीत सगळं लिहून काढ. तारखा, वेळा, कुठून बसल्या, कुठे उतरल्या, त्याचा नंबर, पैसे कसे दिले. आणि काचा लॉक केल्या असशील तर तेही लिही.