पेट्रासाठी अर्धा दिवस पुरेल का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी साठी ओलांडलेले आहोत. जॉर्डनच्या सहलीत आमच्या पर्यटन कंपनीने पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन नगरीसाठी सकाळपासून दुपारपर्यंतचाच वेळ ठेवला आहे. तेवढ्यात ते पाहून होईल का? माझे गुडघे दुखतात, त्यामुळे चालणे झेपेल का, हीही शंका आहे.

उत्तर : अर्ध्या दिवसात तुम्ही ‘खजिना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोरीव वास्तूपर्यंत जाल, छायाचित्रे काढाल आणि परत फिराल, पेट्रा मात्र तिथून पुढे सुरू होते. शक्य असल्यास जवळच्या वादी मुसा गावात दोन रात्री मुक्काम करावा.

गुडघ्यांचा विचार करता एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी : आत जाताना वाट उताराची आहे, म्हणजे चढ लागतो तो परतताना, पाय थकल्यावर. प्रवेशद्वारापासून खोऱ्यातल्या कस्र अल-बिंत या मंदिरापर्यंत एका दिशेने सुमारे ४ किलोमीटर अंतर आहे. खजिन्यापर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. त्यांचा उपयोग परतीसाठी करावा आणि जाताना सिक ही सुमारे १.२ किलोमीटर लांबीची अरुंद घळ पायीच उतरावी, कारण पेट्रा कशी उभी राहिली याचे मर्म तिथे आहे. दोन्ही बाजूंच्या कड्यांत पाण्यासाठी कोरलेले चर दिसतात आणि एका चरात भाजलेल्या मातीच्या नळांचे तुकडे अजून जागेवर आहेत. पाऊस जेमतेम पडणाऱ्या या प्रदेशात नबाती या प्राचीन अरब लोकांनी झऱ्यांचे पाणी असे वळवून आणले आणि लोंढे बांध घालून अडवले, म्हणूनच उंटांच्या तांड्यांच्या व्यापारावर इथे राजधानी उभी राहू शकली. इ. स. १०६मध्ये रोमनांनी हे राज्य आपल्या साम्राज्याला जोडले.

खजिना हा खजिना नव्हेच. ते बहुधा राजघराण्यातील व्यक्तीचे थडगे असावे. सुमारे ४० मीटर उंचीच्या त्या दर्शनी भागावरील कलशात धन दडले आहे, या समजुतीने बदू या भटक्या अरब टोळ्यांनी त्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या खुणा आजही दिसतात, पण कलश भरीव दगडाचा आहे! आत जाऊ देत नाहीत, त्याची खंत नको. आतली दालने साधीच आहेत.

अद-दैर या दुसऱ्या भव्य वास्तूसाठी सुमारे ८०० पायऱ्या चढाव्या लागतात. दुखऱ्या गुडघ्यांनी हा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाढवावरून नेण्याचा आग्रह होतो, परंतु झिजलेल्या पायऱ्यांवर ते तुम्हालाही धोक्याचे आणि जनावरालाही जाचक आहे. त्याऐवजी कड्यात कोरलेल्या राजथडग्यांपाशी निवांत वेळ द्यावा. तिथे चढ बराच कमी आहे आणि वालुकाश्मातील तांबड्या, पिवळ्या, जांभळट थरांची नक्षी छतावर अगदी जवळून पाहता येते.

मार्च ते मे किंवा सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा काळ बरा. हिवाळ्यात आणि वसंतातही अचानक पूर येऊ शकतो. एप्रिल १९६३मध्ये सिकमध्ये अशाच लोंढ्यात फ्रेंच पर्यटक दगावले, त्यामुळे पावसाची सूचना मिळताच मुकाट्याने बाहेर पडावे.

जॉर्डनमध्ये मुक्काम करणाऱ्यांना पेट्राचे एका दिवसाचे तिकीट ५० दिनारांना, तर दोन दिवसांचे ५५ दिनारांना मिळते. केवळ ५ दिनारांचा हा फरक कंपनीला दाखवून दुसरा दिवस मागून घ्यावा. निघण्यापूर्वी दर तेवढे पुन्हा तपासावेत.